जळालेल्या चित्रांचा हिशेब

आपल्या माणसाला कोणतीही गोष्ट दाखवा, तो दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "पण याचा उपयोग काय?" आमचे एक दूरचे मामा आग्र्याला जाऊन ताजमहाल बघून आले. कसा वाटला म्हणून विचारलं, तर पान जुळवत म्हणाले, "चांगला आहे. पण एवढ्या दगडात एखादं धरण बांधून झालं असतं." मामा पाटबंधारे खात्यात होते हे खरं, पण ते टपाल खात्यात असते तरी धरणाऐवजी पोस्ट ऑफिस म्हणाले असते, एवढाच फरक.

त्यातून आमचं चंद्रपूर म्हणजे उपयोगाचं माहेरघर. इथे जमिनीखाली कोळसा, त्याची वीज. चुनखडी, तिचं सिमेंट. आलापल्लीच्या जंगलात साग, त्याची दारं-खिडक्या. बांबू बल्लारपूरला गेला की त्याचा कागद. तेंदूच्या पानाची विडी, आणि मोहाच्या फुलांचा उपयोग काय तो सांगायला माझी गरज नाही. वाघसुद्धा आमच्याकडे बिनकामाचा नाही. पूर्वी तो साहेबांच्या शिकारीच्या उपयोगी पडे, आता ताडोब्याच्या पर्यटनाच्या उपयोगी पडतो. अशा गावात बसून एखाद्याने जळून गेलेल्या चित्रांचा विचार करावा, म्हणजे डोक्यावर परिणाम झाल्याचं लक्षण. मेमधलं चंद्रपूरचं ऊन बघता लोक तसं समजूनही घेतात.

झालं असं, की वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात मला रॉबर्ट गिल भेटला, आणि मी तो आमच्या रामाळा तलावाकाठच्या संध्याकाळच्या बैठकीत घेऊन गेलो. ही बैठक म्हणजे पाच-सहा निवृत्त माणसं. बँकेतले मॅनेजरसाहेब, वनखात्यातले रेंजरसाहेब, गीतेवर बोलणारे एक प्राध्यापक, शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाई, आणि मी. मधूनमधून आमचे पेंटरभाऊ येतात. ते निवृत्त नाहीत, कारण पाट्या रंगवणाऱ्याला पेन्शन नसते. ते येऊन कडेला बसतात आणि ऐकतात. बोलणारे आम्ही पुष्कळ असतो.

गोष्ट रंगवायची तर सुरुवात वाघापासून करावी, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून मी १८१९ सालापासून सुरुवात केली. आदल्याच वर्षी, १८१८ च्या मे महिन्यात, इंग्रजांनी आमचा चांद्याचा परकोट तोफांनी फोडला होता. मराठी मुलखात साहेब आता निवांत झाला होता आणि निवांत साहेब काय करणार, तर शिकार. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी असाच वाघाच्या मागे हिंडता हिंडता वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला समोरच्या कड्यात लेण्याची कमान दिसली. तेच अजिंठा. आत जाऊन त्याने काय केलं? दहाव्या लेण्यातल्या एका रंगवलेल्या खांबावर आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली.

"म्हणजे आपल्या किल्ल्याच्या भिंतीवर पोरं बदाम काढतात तसंच की!" बाई म्हणाल्या.

अगदी तसंच. फरक इतकाच, की स्मिथसाहेबाचं नाव आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसतं. साहेब फार उंच होता असं नाही. तेव्हा लेण्यात पुरुषभर गाळ आणि दगडमाती साचली होती, तिच्यावर उभं राहून त्याने ते कोरलं. पुढे गाळ निघाला आणि नाव वर राहिलं. बऱ्याच थोर लोकांची नावं अशीच वर राहिलेली असतात.

"आणि वाघाचं काय झालं?" रेंजरसाहेबांनी विचारलं. वाघाची नोंद इतिहासात नाही, असं मी सांगितल्यावर त्यांचा इतिहासावरचा विश्वास थोडा उडाला.

आता गिल. हा १८०४ सालचा जन्म, मद्रास फौजेतलाच कॅप्टन, हात चित्रकाराचा. १८४४ साली कंपनी सरकारने त्याला हुकूम दिला, की अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून विलायतेला पाठव. काम वर्ष-दोन वर्षांचं असावं अशी सरकारची समजूत. गिल तिथे एकोणीस वर्षं खपला. अजिंठा गावातल्या बारादरीत त्याचं बिऱ्हाड. तिथून लेण्यांपर्यंत जायचं, आत अंधार, वटवाघळांचा वास, बाहेर आग्या मोहोळं, आणि भोवती वाघाचं रान. अशा जागी उभं राहून तो कॅनव्हासवर तैलरंगात, मूळ भिंतीच्या मापाची चित्रं उतरवत होता. एक बोधिसत्त्व उतरवायचा म्हणजे नुसतं डोकं आणि डोळे नव्हेत. मुगुटातला मोती न् मोती, मागच्या गर्दीतली प्रत्येक बाई, तिच्या हातातलं कमळ, आणि जिथे पोपडा पडला असेल तिथे तो पोपडासुद्धा.

"त्याची ती पारो ना?" मॅनेजरसाहेबांचे डोळे चमकले.

हे असं होतं. गिलचं नाव काढलं की लोकांना पारो आठवते. ती तिथलीच बाई. गिलला विलायती बायको होती, मुलं होती, तरी पारोवर त्याचा जीव जडला. १८५६ साली ती गेली, आणि अजिंठा गावात तिची कबर त्याने बांधली, तिच्यावर 'माझी लाडकी पारो' अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं. ना. धों. महानोरांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२ साली नितीन देसायांनी सिनेमा काढला. तेव्हा पारो सगळ्यांना ठाऊक. पण त्याने चित्रं किती काढली असं विचारा, मग बैठकीत शांतता. साधारण तीस. आणि त्यांचं पुढे काय झालं, हा माझा मुद्दा होता.

ती चित्रं जहाजाने लंडनला गेली. लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम इथे काचेचा एक प्रचंड महाल उभा होता, क्रिस्टल पॅलेस. त्यात हिंदुस्थानच्या दालनात ती मांडली. हजारो लोकांनी ती पाहिली. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालाच्या एका भागाला आग लागली आणि चार-पाच वगळता सगळी चित्रं जळाली. एकोणीस वर्षं एका आगीत. गिल तेव्हा हिंदुस्थानातच होता. पुढे तो फोटो काढत राहिला, आणि १८७९ साली वारला. भुसावळला त्याची कबर आहे. आपण भुसावळला उतरतो ते गाडी बदलायला आणि केळी घ्यायला. त्या कबरीकडे कोण जातो?

"अरेरे," प्राध्यापक म्हणाले. मॅनेजरसाहेबांनी मात्र विचारलं, "विमा होता का?"

थांबा, अजून गोष्ट संपलेली नाही. पहिली गेली म्हणून सरकारने दुसरा माणूस नेमला. जॉन ग्रिफिथ्स. हा वेल्सचा चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायचा. तिथेच लॉकवुड किपलिंगही शिकवायचा, ज्याच्या पोराने पुढे मोगलीची गोष्ट लिहिली. त्याने ती शिवनीच्या जंगलात घातली आणि ताडोब्यात घातली नाही, याबद्दल आमचे रेंजरसाहेब त्याच्यावर अजून नाराज आहेत. तर ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागला. पेस्तनजी बमनजी त्यातलेच. १८८५ पर्यंत हे काम चाललं. चित्रं पुन्हा लंडनला गेली. या खेपेला क्रिस्टल पॅलेस नको, साउथ केन्सिंग्टनचं सरकारी म्युझियम. एकदा पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आणि १८८५ साली तिथे आग लागली. ग्रिफिथ्सची बरीचशी चित्रं त्यात गेली.

पुढे जपानी चित्रकार अजिंठ्याला आले, त्यांनीही नकला केल्या. त्यांतल्या एका गटाचं काम १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात आणि आगीत गेलं. आता मात्र बैठकीतली माणसं वाऱ्याची दिशा बघू लागली, की या विषयावर बोलण्यात आपल्याला काही धोका नाही ना.

आणि सगळ्यांत वरताण गोष्ट जपानातलीच. नारा शहराजवळ होर्यूजी नावाचं फार जुनं मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर अजिंठ्याच्या वळणाची बुद्धाची चित्रं होती. ती खराब होतील, तर आधीच नकला करून ठेवाव्यात म्हणून १९४० पासून चित्रकार आत बसून नकला करत होते. १९४९ च्या २६ जानेवारीला पहाटे तिथे आग लागली. चित्रकारांच्या बसण्याच्या विजेच्या गरम गादीने ती लागली असावी, असा एक संशय आहे. या खेपेला मूळ चित्रं जळाली. नकला उरल्या, आणि पुढे १९६० नंतरच्या दशकात भिंतींवर जी चित्रं पुन्हा काढली ती नकलांचा आधार घेऊनच. म्हणजे अजिंठ्याची नकल जळते आणि मूळ राहतं, नाऱ्याचं मूळ जळतं आणि नकल राहते. यातून कोणी नियम काढू म्हणेल तर त्याने तो खुशाल काढावा.

आता प्रश्न असा, की गिलची एकोणीस वर्षं फुकट गेली का?

हा प्रश्न मी बैठकीत टाकला आणि प्रत्येकाने आपापल्या खात्याप्रमाणे उत्तर दिलं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "सरळ आहे. बुडीत खातं. पगार, रंग, कापड, जहाजाचं भाडं, सगळं खर्ची टाकायचं आणि पुढे चालायचं." बँकेत असताना त्यांनी कुणाचं शंभर रुपयांचं कर्ज असं सोडलं नव्हतं, पण दुसऱ्याचं आयुष्य खर्ची टाकताना त्यांच्या हाताला कंप सुटला नाही.

रेंजरसाहेब म्हणाले, "आमच्याकडे दर उन्हाळ्यात वणवे लागतात. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक खालचा पाचोळा पेटवतात, आणि ते पसरतं. रान काळं पडतं. पण पाऊस आला की सागाच्या बुडख्यातून फुटवे निघतात. मुळं शाबूत पाहिजेत." ही उपमा मला आवडली. गिल जळला म्हणून तर ग्रिफिथ्स फुटला! गिलची चित्रं लोकांनी पाहिली नसती, ती गेल्याची हळहळ वाटली नसती, तर ग्रिफिथ्सला कोण पाठवतं? आणि ग्रिफिथ्सनेही दोन आगींनंतर हात टेकले नाहीत. उरलेल्या कामावरून १८९६-९७ साली दोन थोर खंड छापले. मग १९०९ पासून लेडी हेरिंगहॅम आली, तिच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस आणि असित हलदार आले, आणि अजिंठ्याची ती रेषा या लोकांच्या हातात उतरून आपल्या नव्या चित्रकलेत गेली. म्हणजे कॅनव्हास जळाले, पण एकाने बघितलेलं दुसऱ्याच्या डोळ्यांत गेलं. चित्रकलेच्या बाई यावर जोराने मान हलवत होत्या.

मग प्राध्यापकांनी घसा साफ केला. हा आवाज आम्हांला ओळखीचा आहे. "आपला अधिकार कर्मावर," ते म्हणाले. "फळ आपल्या हाती नाही. गिलने कर्म केलं, संपलं. चित्र राहिलं काय, जळलं काय."

विचार मोठाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण प्राध्यापकांच्या पेन्शनमधला फरक तीन वर्षं अडकला आहे आणि त्यासाठी ते दर महिन्याला पत्र पाठवतात, पोचपावतीसह. फळाची आशा सोडावी हे दुसऱ्याच्या फळाबद्दल फार लवकर पटतं.

बाईंनी वेगळाच मुद्दा काढला. "चित्र टिकलंच पाहिजे हा हट्ट कशाला? आम्ही रोज रांगोळी काढतो, संध्याकाळपर्यंत ती जाते. वडशाकडे झाडीपट्टीची नाटकं बघा. दिवाळीनंतर होळीपर्यंत, गावोगावी, शंकरपटाच्या रात्री मंडप पडतो, रंगवलेला पडदा लागतो, रात्रभर नाटक होतं. उजाडलं की मंडप सुटला, पडदा गुंडाळला, मंडळी पुढच्या गावाला. त्या नाटकाचं काय उरलं म्हणून कोणी रडतं का?"

हे उत्तर मला इतकं पटलं की घरी येऊन मी ते सौ.ला सांगितलं. जणू माझंच आहे अशा थाटात. ती तेव्हा तांदूळ निवडत होती. न बघता म्हणाली, "रांगोळी मी पुसली जाणार हे धरूनच काढते. पण परवा दुधवाल्याने ओल्या रांगोळीवर पाय दिला, तेव्हा मी काय म्हणाले होते?"

ती काय म्हणाली होती ते गल्लीने ऐकलं होतं. इथे छापता येणार नाही.

आणि तांदळातला खडा सापडावा तसा मला प्रश्नातला खडा सापडला. आपण होऊन सोडणं वेगळं, आणि कुणी तुडवणं वेगळं. झाडीपट्टीचा नट पहाटे रंग पुसतो, कारण पहाट होणार हे त्याला ठाऊक असतं. गिलला सिडनहॅमची आग ठाऊक नव्हती. त्याने ही चित्रं पिढ्यान् पिढ्या राहावीत म्हणूनच मापात, तैलरंगात, पोपड्यांसकट काढली होती. त्याला 'रांगोळी समज' म्हणून सांगणं म्हणजे ज्याचं घर जळलं त्याला 'तंबूत राहिला असतास तर' असं सांगण्यासारखं आहे.

बरं, टिकण्यावरच मोल ठरवावं म्हटलं, तर टिकणं म्हणजे तरी काय असतं? विलायतेतला सर जोशुआ रेनॉल्ड्स घ्या. अठराव्या शतकातला सर्वांत मानाचा व्यक्तिचित्रकार. पण रंग असे कच्चे वापरायचा, की काही चित्रांतले गाल खऱ्या गालांच्या आधीच पांढरे पडले. गिऱ्हाईक म्हातारं व्हायच्या आत त्याचं चित्र म्हातारं. टर्नरने हजारोंनी चित्रं देशाला दिली, ती लंडनच्या टेट गॅलरीत सुखरूप ठेवली, तर १९२८ च्या जानेवारीत थेम्स नदी तळघरात शिरली आणि चित्रं पाण्यात. काहींना आग, काहींना पाणी, काहींना नुसता उजेड.

आणि उलटही होतं. पुण्यातलीच गोष्ट. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईला आणि पुढच्या वर्षी पुण्याला आला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्याने काढली. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा कारागीर काम करू लागला, वेरुळापर्यंत जाऊन लेण्यांची रेखाटनं करू लागला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडासुद्धा त्याने काढला. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. नोव्हेंबरात वेल्सही ठाण्याला वारला. दरबाराच्या मोठ्या चित्राची त्याची तयारी तशीच राहिली. ती वापरून थॉमस डॅनियलने १८०५ साली चित्र पुरं केलं, ते आता टेटमध्ये आहे. आणि गंगारामची रेखाटनं? ती रेसिडेंट मॅलेटसाहेबाच्या सामानात विलायतेला गेली, आणि फिरत फिरत आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. पुण्याच्या तांबट आळीतल्या कुणाच्या हे स्वप्नातही आलं नसतं. गंगाराम उरला, कारण त्याचे कागद ज्या घरात होते त्या घराला आग लागली नाही. याच्यावरून गंगाराम मोठा आणि गिल वाया, असं म्हणायचं असेल, तर चित्रांचं मोल ठरवायचं काम अग्निशामक दलाकडे द्यावं लागेल.

आता एक अडचणीची गोष्ट. तीही सांगितली पाहिजे. ग्रिफिथ्सच्या काळात भिंतीवरची चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश लावलं गेलं. रंग उजळले, काम सोपं झालं. पुढे ते व्हार्निश पिवळं-काळं पडलं, आणि रंगाचे पोपडे घेऊन सुटू लागलं. निजाम सरकारने १९२० च्या सुमाराला इटलीहून कारागीर आणले, त्यांनीही लाखेचं रोगण वापरलं. तेही पुढच्यांना निस्तरावं लागलं. म्हणजे ज्या माणसाने अजिंठ्यावर वर्षानुवर्षं जीव टाकला, त्याच्या हातून अजिंठ्याला इजा झाली. स्मिथने नाव कोरलं ते बेपर्वाईने. हे झालं ते प्रेमाने. भिंतीला फरक कळत नाही. आपल्याला मात्र कळला पाहिजे, आणि तरीही इजेला इजा म्हटलं पाहिजे. 'हेतू चांगला होता' हे वाक्य माणसाला वाचवतं, चित्राला वाचवत नाही.

असा सगळा विचार चालला असताना आमच्या गावात एक लहानशी गोष्ट घडली. बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लांब भिंत होती. तिच्यावर आमच्या पेंटरभाऊंनी वाघ काढला होता. साधासुधा नाही, वीस फूट लांब, गवतातून निघालेला, एक पंजा उचललेला. काढायला त्यांना पावसाळा सोडून दोन महिने लागले होते. रस्ता रुंद करायचा ठरला आणि एका सकाळी यंत्र आलं. दुपारपर्यंत भिंत नव्हती. पेंटरभाऊंना कुणी आदल्या दिवशी सांगितलंही नव्हतं. ते तिकडून सायकलवर जात होते म्हणून त्यांना कळलं.

संध्याकाळी बैठकीत विषय निघालाच. मॅनेजरसाहेब म्हणाले, "विकास म्हटला की असं चालायचंच." प्राध्यापकांनी घसा साफ केला. आणि मला एकदम कळलं, की 'फळाची आशा सोड' हे वाक्य फक्त स्वतःशी बोलायचं असतं. ते अर्जुनाला सांगायला कृष्णच लागतो. ज्याची भिंत पडली त्याला ते भिंत पाडणाऱ्याने, किंवा नुसतं बघत उभ्या राहिलेल्याने सांगितलं, की त्याचं तत्त्वज्ञान उरत नाही, निव्वळ कोडगेपणा उरतो. गिल उद्या उठून म्हणाला, "जळाली तर जळू द्या, मला काढायला मिळाली," तर त्याच्या पाया पडावं. पण तेच सिडनहॅमच्या रखवालदाराने म्हणू नये.

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "त्या वाघाचं तोंड कुठल्या बाजूला होतं हो?"

"जटपुरा गेटकडे," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"छे, स्टँडकडे," रेंजरसाहेब. ज्यांनी तीस वर्षं वाघ मोजले ते रेंजरसाहेब.

प्राध्यापकांना पंजा आठवत होता, पण उजवा की डावा ते नाही. बाईंना पट्टे आठवत होते. सहा वर्षं आम्ही सगळे त्या भिंतीवरून रोज जात होतो. आणि आमच्यातल्या कुणालाही तो वाघ पुरता आठवेना. फोटोही कुणाकडे नाही. जंगलातल्या वाघाचे फोटो गावात घरटी दहा आहेत, भिंतीवरच्या वाघाचा एक नाही.

तेव्हा मला गिलच्या एकोणीस वर्षांचं थोडं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. हजार-बाराशे वर्षं ती चित्रं वटवाघळांनी पाहिली. मग शिकारी आले, त्यांनी खांब पाहिले, कोरायला जागा कुठे आहे ते पाहिलं. आणि मग एक माणूस आला, ज्याने प्रत्येक बोट, प्रत्येक पापणी, प्रत्येक पोपडा पाहिला, कारण काढायचं तर बघावंच लागतं. त्या जुन्या, नाव नसलेल्या चित्रकारांना इतक्या शतकांनी कुणीतरी नीट बघणारा मिळाला. हे जळत नाही. सिडनहॅमच्या आगीत जे गेलं ते आपलं गेलं, तुमचं-माझं. त्याची हळहळ आपण करायची. आणि जे अजून भिंतीवर आहे ते डोळे उघडून बघायचं, हे आपल्या वाट्याचं काम. गिलचं काम तो करून गेला.

मी स्वतः एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढली. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' म्हणजे कायम जपायचे, 'ड' म्हणजे वर्षभराने नष्ट करायचे. माझ्या हातचे बहुतेक कागद 'क' आणि 'ड' होते. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही महिनाभर रात्री जागून दप्तर वाटलं. कुठली फाईल इकडे, कुठली तिकडे. त्यांतल्या किती आता असतील देव जाणे. माझ्या बत्तीस वर्षांचं काय उरलं असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही, मॅनेजरसाहेबांनाही कुणी विचारलेलं नाही. हा प्रश्न आपण नेमका चित्रकाराला विचारतो, जणू उरण्याचा मक्ता त्याने एकट्याने घेतला आहे.

पेंटरभाऊ कडेला बसून सगळं ऐकत होते. तोंड कुठल्या बाजूला होतं हा वाद त्यांनी मिटवला नाही. मी न राहवून विचारलं, "भाऊ, वाईट वाटलं असेल ना तुम्हांला?"

त्यांनी थोडा विचार केला. "वाटलं ना जी," ते म्हणाले. "सांगाले पायजे होतं त्याईनं. येक डाव पाहून घेतलं असतं मी."

बैठकीत कुणी काही बोललं नाही. प्राध्यापकांनीही घसा साफ केला नाही.

मग मॅनेजरसाहेबांना वाटलं असावं, की काहीतरी करावं. त्यांच्या नव्या घराच्या कंपाउंडची भिंत कोरी आहे. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या भिंतीवर काढाल का एक वाघ? मजुरी देऊ." पेंटरभाऊ हो म्हणाले. लगेच मॅनेजरसाहेबांमधला बँकवाला जागा झाला. "पण टिकेल ना? नाहीतर दोन वर्षांत पोपडे पडायचे. किती वर्षांची हमी देता?"

पेंटरभाऊंनी त्यांच्याकडे एकवार वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरे केस, हातातली काठी, खिशातली रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी. आणि सायकलवर टांग टाकत म्हणाले,

"तुमी आहा तवरीक तं टिकनच जी."